बांधील

आमच्याकडे सप्टेंबरअखेर शाळा तीन आठवडे बंद असते,
बटाटे निघतात म्हणून.
मेन राज्याचा हा उत्तरेकडचा कोपरा;
पुढे नदी, नदीपलीकडे कॅनडा.
मुलं यंत्राच्या पट्ट्यापाशी उभी राहून
दगड वेचून काढतात, बटाटे पुढे जाऊ देतात.
त्याच तीन आठवड्यांत त्यांनी ठरवायचं असतं
की नोव्हेंबरच्या एक तारखेला
कुठल्या तरी एकाच कॉलेजला
'घेतलंत तर येणारच' असं लिहून द्यायचं का.

कोलेट थेरिओ आली ती नखांत माती घेऊनच.
रसायनशास्त्रात अठ्ठ्याण्णव,
निबंधात आजोबांच्या फ्रेंच शिव्या.
त्या राहू दे, म्हटलं.

मी कागदावर दोन आकडे लिहिले.
आत्ता विचारलं तर शंभरात एकवीस.
सगळ्यांबरोबर जानेवारीत, तर सात.
एकोणीस वर्षं हे दोन आकडे मी लिहिते आहे,
दरवर्षी दुसरा आणखी लहान होतो.

'मग यात ठरवायचं काय राहिलं?' ती म्हणाली.

ठरवायचं तिच्या वडिलांकडे राहिलं होतं.
रेनो थेरिओ टोपी मांडीवर ठेवून बसले.
'ते हो म्हणाले, तर पैसे किती पडतील ते कधी सांगणार?'
हो म्हणताना.
'आणि आम्ही हो कधी म्हणायचं?'
आत्ता.
ते बराच वेळ बाहेर आपल्या ट्रककडे बघत राहिले.
'बॉस्टनचा व्यापारीसुद्धा,' ते म्हणाले,
'गाडी भरायच्या आधी भाव बोलतो.'

अंदाज काढता येतो, मी म्हटलं. वर्षाचं उत्पन्न सांगा.
'कुठल्या वर्षाचं? करप्याच्या, की त्याच्या आधीच्या?'

आणि मदत अगदीच अपुरी पडली तर सुटताही येतं,
ते कारण मान्य करतात. बहुधा.
त्यांनी बाकी सगळं सोडून 'बहुधा' तेवढा उचलला.

(दंतवैद्य हॅलोवेलबाईंचा मुलगा ऑगस्टमध्येच येऊन गेला.
दहा मिनिटं. आईचा एकच प्रश्न होता:
निळी शाई चालेल ना?)

मी दुसरी वाटही दाखवली:
राज्याचं विद्यापीठ, लवकर कळवतं, बांधून घेत नाही.
बाकीचे आठ अर्ज नाताळात भरायचे,
एप्रिलमध्ये सगळी पत्रं स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरायची
आणि आकड्यांशेजारी आकडे ठेवून बघायचे.
फक्त तोवर
त्या एका पत्रात 'हो' असण्याची शक्यता शंभरात सात.

कोलेट म्हणाली, लवकर खणलेल्या बटाट्याची साल
नुसत्या अंगठ्यानं निघते, टिकत नाही तो.
मग थोडं थांबून,
पण पहिला भाव त्यालाच मिळतो.
मला वाटलं, आता ती एक बाजू घेईल.
तिनं घेतली नाही. बॅग उचलली आणि बस पकडायला गेली.

मी अठराव्या वर्षी किंमत न विचारता एकाला हो म्हटलं होतं.
त्याचं आडनाव आता फक्त माझ्या गाडीच्या परवान्यावर आहे.
हे मी मुलांना सांगत नाही.
ते सल्ल्यात बसत नाही.

एकतीस ऑक्टोबर. बाहेरच्या व्हरांड्यात
पहिलीतली भुतं गोळ्या मोजत होती.
कोलेटनं करारपत्र माझ्यासमोर ठेवलं.
तीन सह्या लागतात: मुलीची, पालकाची, माझी.
तिची ठसठशीत, काळ्या शाईत.
खाली रेनो थेरिओ, नावातलं प्रत्येक अक्षर सुटं,
पेन्सिलीनं.

पेन्सिल चालत नाही.
तिला माहीत होतं. त्यांनाही असणार.
मुदत उद्या रात्री बाराला संपते.
मी पेनचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं,
आणि शेतावर फोन लावला.
वाजतो आहे.